इंजिनाचा जोर वाढवण्याआधी बोल्टाकडे पाहा



गेल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. वारणाकाठच्या एका गावी हुमणीच्या बंदोबस्ताची बैठक होती. बैठक आटोपली आणि चहाला म्हणून एका बागायतदाराच्या घरी टेकलो. अंगणात ट्रॅक्टर उभा होता, बॉनेट उघडे होते आणि घरचा मुलगा हात काळे करून आत डोकावत होता. पोरगा आयटीआय झालेला, हुशार. चहाची कपबशी हातात देत त्याचे वडील म्हणाले,

"सायेब, औंदा दोन ट्रॉल्यांचा करार केलाय. गाडी चढाला दम टाकती. मिस्त्री म्हणतो, पंप वाढवून देतो आन् गव्हर्नर जरा सोडतो. पोरगं म्हणतंय, तसं करायचं तर आतले बोल्ट, स्टड समदं भारीतलं घालू, मग भ्या न्हाई. तुमचं काय म्हणणं?"

मुलगा पुढे आला. अमेरिकेत शेतावर आणि रानावनात हिंडायला चार चाकांची एक लहान गाडी असते, तिला एटीव्ही म्हणतात. तिची इंजिने वाढवणाऱ्या लोकांची चित्रफीत त्याने मोबाइलवर पाहिली होती. "ते लोक इंजिन वाढवायच्या आधी रॉडचे बोल्ट, पिस्टन, हेडचे स्टड बदलतात. मग आपण का नाही?"

एवढ्यात दारातून वहिनी म्हणाल्या, "आधी खर्च किती आन् मिळकत किती, ते बोला. खेपांची वही माझ्याकडं असती."

तिघांचेही म्हणणे रास्त होते. गळिताचा हंगाम जवळ आला की हाच प्रश्न गावोगावी निघतो, म्हणून त्या दिवशी अंगणात जे बोललो ते तुम्हालाही सांगतो. मी मिस्त्री नव्हे, शेतीचा पदवीधर. पण यंत्राने माझ्याही घराला एक धडा दिला आहे. तो पुढे येईलच.

हे बोल्ट करतात तरी काय?

इंजिनात पिस्टन वरखाली होतो. त्याला क्रँकशी जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. रॉडचे खालचे टोक दोन भागांचे असते. वरचा भाग आणि खालची टोपी क्रँकला मिठी मारतात आणि ती मिठी बहुतेक दोन बोल्टांवर टिकून असते. बोल्ट करंगळीएवढे, पण सगळे इंजिन त्यांच्या भरवशावर.

पिस्टन धूर बाहेर ढकलत वर येतो, तेव्हा त्याला तिथे थांबवून पुन्हा खाली खेचावे लागते. त्या वेळी वरून दाबणारा वायू नसतो. सगळा झटका रॉडला आणि त्या बोल्टांना बसतो. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा असा झटका येतो. मिनिटाला २००० फेरे असतील तर मिनिटाला १००० झटके, तासाला ६० हजार आणि दहा तासांच्या दिवसाला ६ लाख.

झटका केवढा? हिशेब करून पाहू. पिस्टन, त्याची पिन, रिंगा आणि रॉडचे वरचे टोक मिळून २ किलो वजन धरा. पिस्टनची चाल ११० मिलिमीटर धरा. २००० फेऱ्यांना हे २ किलोचे वजन रॉडला सुमारे ६०० किलोच्या जोराने ओढते. आता गव्हर्नर सोडून फेरे २४०० केले. फेरे वाढले २० टक्के, पण ओढ होते सुमारे ८६५ किलो, म्हणजे ४४ टक्के जास्त. कारण ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. फेरे दुप्पट झाले तर ओढ चौपट होते.

म्हणून पोराचे म्हणणे एका अर्थी खरे. फेरे वाढवायचे तर रॉडचे बोल्ट आधी पाहिले पाहिजेत. तिकडचे लोक आधी मजबुती करतात आणि मग जोर वाढवतात, तो क्रम बरोबर आहे.

पण पंप वाढवणे ही गोष्ट वेगळी

मिस्त्री एका दमात दोन कामे सांगत होता. गव्हर्नर सोडणे म्हणजे फेरे वाढवणे. पंप वाढवणे म्हणजे दर झटक्याला डिझेल जास्त सोडणे. दोन्हींनी जोर वाढल्यासारखा वाटतो, पण दोन्हींचा भार वेगवेगळ्या भागांवर पडतो.

डिझेल जाळायला हवा लागते. १ लिटर डिझेल पुरते जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात हवा किती येणार हे सिलिंडरच्या मापावर ठरलेले असते. पंप वाढवला म्हणून हवा वाढत नाही. जादा डिझेल अर्धवट जळते, त्याचा काळा धूर होतो आणि उष्णता वाढते. न जळलेले डिझेल लायनरवरचा ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते.

याचा मार रॉडच्या बोल्टांना कमी आणि पिस्टनचे डोके, रिंगा, व्हॉल्व्ह, हेडचे गॅस्केट यांना जास्त. तिथे रॉडचे बोल्ट कितीही भारी घातले तरी काय उपयोग? आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत.

मोटेचा नाडा आठवा

तुमच्यातल्या जाणत्यांनी मोट पाहिली असेल. मोटेचा नाडा कुजला की नवा आणायचे. पण नाडा नवा घातला आणि वरचे चाक किंवा त्याचा कणा जुनाच ठेवला, शिवाय लोभाने मोटही मोठी केली, तर काय व्हायचे? नाडा शाबूत राहायचा आणि कण्यासकट चाक विहिरीत जायचे.

इंजिनाचे तसेच आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने दोन हंगामांपूर्वी हेच केले. रॉडचे बोल्ट भारी, हेडचे स्टड भारी आणि पंप मनमुराद वाढवलेला. डिसेंबर-जानेवारी गाडी पळाली. काळा धूर निघायचा, तर तो म्हणायचा, जोर आलाय. फेब्रुवारीच्या उन्हात चढावर इंजिन जागेवर धरले. उघडून पाहिले तर एक पिस्टन डोक्यावर वितळून लायनरला चिकटलेला. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा गच्च बसलेला. बोल्ट मात्र नव्यासारखे चमकत होते. त्या बोल्टांकडे पाहून तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही.

पिस्टन, लायनर बदलले तरी मागे क्लच आहे, गिअर आहेत, मागचा आस आहे. कारखान्याने ते सगळे त्या ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीच्या मापाने घडवलेले असतात. एक कडी मजबूत केली की ताण पुढच्या कडीवर जातो.

माझ्या घरचा धडा

आता दुसरी बाजू. बोल्टाला कमी लेखणाऱ्याचेही भले होत नाही, हे मी सोसून शिकलो आहे.

गावी थोरले बंधू शेती पाहतात. काही वर्षांपूर्वी आमच्या ट्रॅक्टरचे इंजिन उघडले. जोर वाढवायचा नव्हता, फक्त ऑइल जळत होते म्हणून लायनर-पिस्टन आणि बेअरिंग बदलायचे होते. मी रजेवर घरीच होतो. मिस्त्रीने रॉडचे जुने बोल्ट पुसून ताटात ठेवले आणि विचारले, "नवे आणायचे का?" दादाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या मनात, हा शिकलेला, याला कळेल. मी एक बोल्ट उचलून पाहिला. आटे साबूत होते. म्हणालो, "दिसतात तर चांगले. राहू द्या."

मिस्त्रीने पान्याला पाइप लावून हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळले. साधारण महिनाभर ट्रॅक्टर चालला. मग ऐन नांगरटीत एक बोल्ट तुटला. मोकळा झालेला रॉड आतून ब्लॉकवर आदळला आणि ब्लॉकला नारळाएवढे भोक पडले. माझा पुतण्या मडगार्डवर बसला होता. लोखंडाचे तुकडे दुसऱ्या बाजूने उडाले, म्हणून तो वाचला.

त्या इंजिनाचा एकही आकडा आम्ही वाढवला नव्हता. नव्या बोल्टांचा संच हा सगळ्या दुरुस्तीतला स्वस्तातला भाग होता. तो वाचवायला गेलो आणि ब्लॉक, क्रँक, रॉड घालवून बसलो. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली. दादा आजवर मला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागते.

बोल्ट डोळ्याला का फसवतो?

तार आपण इकडून तिकडे वाकवून तोडतो. पहिल्या दहा वेळा ती धडधाकट दिसते. बोल्टाचेही तसेच. लाखो झटके खाल्लेल्या बोल्टाला आत केसाएवढी चीर गेलेली असली तरी ती डोळ्याला दिसत नाही.

दुसरी गोष्ट आवळण्याची. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच टोपी घट्ट धरतो. ताठ बांधलेल्या कासऱ्याला हिसका जाणवत नाही, ढिला कासरा प्रत्येक हिसक्याला मार खातो. बोल्ट ढिला राहिला की प्रत्येक झटका त्यालाच बसतो. फाजील आवळला तर तो कायमचा लांबतो आणि त्याची पकड जाते. म्हणून ठरलेल्या मापाने आवळणारा टॉर्क पाना पाहिजे. पाइप लावून जोर दाखवणे हा त्याला पर्याय नाही. आट्यांना ऑइल लावायचे की कोरडे ठेवायचे हेही पुस्तकात दिलेले असते, कारण त्याच मापाला ऑइल लावलेला बोल्ट जास्त ताणला जातो.

पुष्कळदा तुटलेला बोल्ट हातात येतो आणि सगळा दोष त्याच्या माथी जातो. खरे म्हणजे आधी ऑइल कमी पडून बेअरिंग धरलेले असते आणि बोल्ट शेवटी तुटतो. तेव्हा बोल्ट तुटला की ऑइल पंप, ऑइलची जाळी आणि बेअरिंग पाहिल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका.

मग भारीतले बोल्ट घालावेत का?

माझे उत्तर असे:

१. इंजिन उघडले आणि रॉड सुटला, की रॉडचे बोल्ट नवे घाला. जोर वाढवायचा असो वा नसो. काही इंजिनांत बोल्ट एकदाच वापरायचे असतात. तुमच्या इंजिनाचे पुस्तक काय म्हणते ते पाहा.

२. बोल्ट त्याच इंजिनाचे, अस्सल, पावतीसह घ्या. बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला १० ने गुणले की एका चौरस मिलिमीटरला साधारण किती किलो ताणाला तो तुटेल ते कळते. ८.८ चा सुमारे ८० किलोला, १०.९ चा सुमारे १०० किलोला. पण आकडा मोठा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट रॉडला घालू नका. रॉडच्या बोल्टाची मान टोपी नेमक्या जागी बसवण्यासाठी घासून मापात आणलेली असते. साध्या बोल्टाला ते माप नसते.

३. जाड बोल्ट बसावा म्हणून रॉडचे भोक मोठे करू देऊ नका. बोल्ट जाड होतो आणि रॉड तेवढाच पातळ होतो.

४. हेड उतरले की गॅस्केट नवे घाला आणि हेड सपाट आहे का, ते सरळ पट्टी ठेवून तपासून घ्या. वाकड्या हेडाला भारी स्टड वाचवत नाहीत. हेडचे बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत.

५. बोल्ट नवे घातले म्हणून फेरे वाढवू नका. ती मजबुती इंजिन टिकवायला खर्च करा.

मुलाने विचारले, "मग ते एटीव्हीवाले?" शर्यतीसाठी गाडी वाढवणारे लोक तिची मोजके तास चालल्यावर उघडून तपासणी करतात, भाग बदलतात. इंजिन गेले तर त्यांची शर्यत जाते. आपला ट्रॅक्टर पेरणी, मळणी, ऊस असे वर्षभर राबतो आणि पुढची दहा वर्षे राबावा अशी आपली अपेक्षा असते. तो बसला तर घराची चूल अडते. त्यांचा हिशेब त्यांना बरोबर, आपला आपल्याला.

लगामही पाहा

घोड्याला जोर दिला की लगामही तेवढा पाहिजे. फेरे २० टक्के वाढले तर वरच्या गिअरमध्ये वेगही २० टक्के वाढतो आणि भरल्या ट्रॉल्यांचा रेटा ४४ टक्के वाढतो. तोच वर्गाचा हिशेब. ब्रेक मात्र होते तेवढेच, आणि ट्रॉलीला तर पुष्कळदा ब्रेकच नसतो. उतारावर मागून ट्रॉलीने ढकलल्यावर ट्रॅक्टर आडवा होतो. रात्रीच्या खेपेला बाजूने सायकलवर घरी जाणारी माणसेही असतात.

कायद्याचेही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला मनाने करता येत नाही. पंपाचे सील तोडले तर कंपनीच्या हमीवर पाणी सोडावे लागते आणि अपघात झाल्यावर विम्याच्या कामात नसती भानगड उभी राहते.

गाडी दम टाकते, मग करावे काय?

पुष्कळदा ट्रॅक्टरचा जोर कमी नसतो, तो वाटेत अडलेला असतो. तो आधी मोकळा करा.

एअर क्लीनर उघडा. ऑइल बाथ असेल तर तळाचा चिखल काढून खुणेपर्यंत नवे ऑइल भरा. डिझेल फिल्टर बदला. रेडिएटरची जाळी हंगामात रोज झाडा. पाचटाचा भुगा तिथे बसला की पाणी तापते आणि जोर गळतो. व्हॉल्व्हचे अंतर तपासून घ्या. इंजेक्टर आणि पंप चाचणीच्या यंत्रावर लावून कारखान्याने ठरवलेल्या मापाला आणून घ्या. जुना पंप कमी पडत असेल तर तो मापाला आला तरी फरक कळतो. टायरमधली हवा पुस्तकाप्रमाणे ठेवा. चढ येण्याआधीच खालचा गिअर घ्या.

एवढे करूनही दोन ट्रॉल्या ओढत नसतील, तर तो भार त्या ट्रॅक्टरचा नाही. एक ट्रॉली सोडा किंवा तेवढ्या कामाला मोठा ट्रॅक्टर भाड्याने लावा.

त्या घरी काय ठरले?

वहिनींनी खेपांची वही आणली. मागच्या हंगामात ट्रॅक्टर किती दिवस बंद होता, ते त्यांनी दिवसवार लिहून ठेवले होते. पंप वाढवून फार तर चढावरची काही मिनिटे वाचणार होती. एक दिवस गाडी बंद पडली की तेवढी मिनिटे पुऱ्या महिन्याची निघून जात होती. वही मिटत त्या म्हणाल्या, "सावकाश जाऊ द्या, पण रोज जाऊ द्या."

मुलाने दुसऱ्याच दिवशी एअर क्लीनर उघडला, तर आत घट्ट चिखल निघाला. पंप मापाला आणून घेतला. बेअरिंग बदलायला झालीच होती, म्हणून इंजिन उघडले आणि रॉडचे बोल्ट नवे घातले. टॉर्क पाना तालुक्याहून दोन दिवसांच्या भाड्याने आणला. दुसरी ट्रॉली चढाच्या वाटेला लावायची नाही असे ठरले आणि तसे टोळीच्या मुकादमालाही सांगितले. हंगाम संपल्यावर मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. ट्रॅक्टर अंगणात होता, धुऊन पुसून उभा.

आता तुमच्याकडे वळतो. ट्रॅक्टर घेताना त्याबरोबर एक पुस्तक मिळाले होते. पुष्कळ घरी ते देवघराच्या फळीवर नाहीतर पेटीच्या तळाशी पडलेले असते. आज संध्याकाळी ते शोधा. बोल्ट किती मापाने आवळायचे, कोणते पुन्हा वापरायचे नाहीत, फेरे किती ठेवायचे, हे त्यात दिलेले असते. शिकणारी मुलगी किंवा मुलगा घरात असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या आणि ते आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मिस्त्रीच्या हातात द्या. त्याने जुने बोल्ट ताटात ठेवून "नवे आणायचे का?" असे विचारले, तर मी दिले होते ते उत्तर देऊ नका.